हत्तीपाठीवरची तिरीप

या ग्रुपवरचे अनुभव मी रोज वाचतो, पण खरं सांगायचं तर थट्टा करण्यासाठी. सौ. मोठ्याने वाचते आणि मी उलटतपासणी घेतो – दार आतून बंद होतं की बाहेरून? कुत्रं आधी भुंकलं की नंतर? छत्तीस वर्षं महसूल खात्यात काढलेला माणूस आहे मी, पंचनामा केल्याशिवाय माझ्या गळ्याखाली काही उतरत नाही. भूत, भानामती, अंगात येणं – कशावरच माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. परवा ती वैतागून म्हणाली, मग तुमचा तो डोंगरावरचा पंचनामा लिहा की एकदा, लोकांना घेऊ द्या तुमची उलटतपासणी. म्हणून लिहितोय... चूकभूल पोटात घाला.

साल अडुसष्ट असावं. मी चोवीस वर्षांचा. मूळचा जळगावचा, पण एकविसाव्या वर्षी तलाठी म्हणून पहिली नेमणूक झाली ती धुळे जिल्ह्यात. धुळ्याहून साक्रीकडे जाणारी एस.टी. कुसुंब्याच्या पुढे एका फाट्यावर सोडायची आणि तिथून दक्षिणेला दोन कोस पायी. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांची नातवंडं अजून तिथे राहतात. गावाच्या डोक्यावर एक लांबट डोंगर आहे, वरून सपाट. त्याला म्हणायचे बावट्याचा डोंगर, कारण इंग्रजांच्या अमलात सर्व्हेवाल्यांनी त्यावर निशाण रोवलं होतं. त्याच्या समोर दक्षिणेला, पाच-सहा कोसांवर, दुसरा डोंगर दिसतो – हत्तीपाठ. ही दोन नावं लक्षात ठेवा, बाकी भूगोल विसरलात तरी चालेल.

आता त्या दगडाचं सांगतो. जुन्या काळी सर्व्हेवाले उंच डोंगरांच्या माथ्यावर खडकात खूण खोदायचे आणि त्यावर दगडांची रास रचायचे. एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर दुर्बीण लावून मापं घ्यायचे आणि त्यावरून सगळा नकाशा तयार व्हायचा. नकाशा झाला, सर्व्हेवाले गेले, पण खूण सांभाळायचं काम गावाच्या गळ्यात राहिलं. दरवर्षी तलाठ्याने वर जाऊन बघायचं आणि तालुक्याला दाखला पाठवायचा – ‘दगड जागेवर व सुस्थितीत आहे.’

वर जाऊन बघायचं, हे कागदावर. माझ्या आधीच्या तलाठ्याने अकरा वर्षं तेच वाक्य लिहिलं होतं, त्याच शाईत, त्याच वळणात. मी ते उतरवून काढलं. हल्ली मुलं ज्याला कॉपी-पेस्ट म्हणतात ना, ते मी तेव्हा टाकाने केलं. तीन वर्षं. डोंगराकडे मान वर करून बघायचो आणि सही ठोकायचो... एवढा मोठा डोंगर जागेवर आहे म्हटल्यावर दगड कुठे जाणार!

चौथ्या वर्षी नवे मामलेदार आले. शांत माणूस, चष्मा पुसत बोलायचे. माझा दाखला हातात घेऊन त्यांनी सहज विचारलं की दगडावर काय खोदलंय. मी शेताच्या बांधावरचे सरकारी दगड पाहिले होते, त्यावर बाण असतो. ठोकून दिलं, “बाण आहे, साहेब.”

त्यांनी दाखला परत माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “एकदा पुन्हा बघून या. येताना खुणेचं चित्र काढून आणा.”

बाहेर आल्यावर तिथल्या कारकुनाने सांगितलं की साहेबांनी उमेदीची आठ वर्षं सर्व्हेत काढली आहेत. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती आणि कायम करण्याचा कागद याच साहेबांच्या टेबलावर पडून होता. खोटा दाखला दिला म्हणून त्यांनी शेरा मारला असता तर तीन वर्षांचं सगळं पाण्यात. त्यातून पाचोऱ्याची मुलगी ठरलेली, आखाजीनंतरचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचा, मुहूर्त धरलेला. सासरेबुवांनी होकार दिला होता तो माझ्या रूपाकडे बघून नव्हे, हे आमच्या सौ. आजही पाहुण्यांना सांगतात.

परतल्यावर मी भिका नानांना गाठलं. नाना म्हणजे आमच्या गावचे कोतवाल. दवंडी देणं, नोटिसा पोचवणं, तलाठ्याबरोबर शेतोशेत फिरणं हे त्यांचं काम. साठीला टेकलेले, सडपातळ, खांद्यावरच्या पट्ट्याला पितळी बिल्ला, तो रोज सकाळी राखेने घासून लखलखीत केलेला. मला ते आप्पा म्हणायचे. चोवीस वर्षांचा आप्पा! पण तलाठ्याला आप्पा म्हणायची रीत होती, वय कोण बघतो. त्यांच्या घरी मी आदल्या वर्षी आखाजीला जेवलो होतो. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर खरबूज ठेवतात. नानांकडे चार घागरी ओळीत होत्या आणि पाचवी, लहानशी, उंबऱ्याबाहेर वेगळी. मी चेष्टेने विचारलं, नाना, हा पूर्वज रुसून बाहेर बसलाय का? ते हसले नाहीत. बिगर नावाची आहे, एवढंच म्हणाले आणि माझ्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली.

तर मी त्यांना दगडाचं विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, “वर गावना कोनी जात नई, आप्पा. तुमना आधीना आप्पा बी कधी गया नई.”

दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही निघालो. चैत्राचे दिवस. माझ्या खांद्यावर कुदळ, नानांच्या हातात पहार, पाठीला पाण्याची पखाल आणि कळण्याच्या भाकरी. आठ-साडेआठला माथ्यावर पोचलो, आणि मी कपाळाला हात लावला. माथा कसला, मैदान होतं. वाळलेलं गवत गुडघ्यापर्यंत. दगडांची रास कुठेच नाही. एका कडेला मात्र मेंढ्यांसाठी रचलेला दगडी आडोसा होता. ठेलारी मेंढपाळ पावसाळ्यात वर येऊन राहायचे, त्यांनी रास उचलून त्याचा आडोसा केला होता. त्यांची तरी काय चूक, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम तलाठ्याचं.

अकरा वाजेपर्यंत मी पाच ठिकाणी खणलं. सगळीकडे मुरूम. हाताला फोड आले, तोंडाला कोरड पडली. नाना आडोशाच्या सावलीत बसून भाकरी सोडत होते. म्हणाले, “बठ्ठा डोंगर खंदी टाकतस का?”

मी कुदळ फेकून त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. आणि मग मी जे केलं ते आजवर फक्त बायकोला सांगितलंय. मी खिशातून कागद काढला आणि खुणेचं चित्र काढायला लागलो. न बघता. बाण नाही तर काय असेल... चौकोन? फुली? फुली बरी वाटली. ती काढली, गडद केली. नाना माझ्या कागदाकडे बघत होते. चित्राला जरा खरेपणा यावा म्हणून समोरच्या डोंगरांच्या रेघा काढाव्यात असं वाटलं, म्हणून मी कागद घेऊन दक्षिणेच्या कडेकडे चालायला लागलो.

माथ्याच्या मधोमध आलो असेन, तेवढ्यात समोरून डोळ्यांत काहीतरी टोचलं. हत्तीपाठीच्या शेंड्यावर उजेड होता. भर उन्हात दिसेल इतका लख्ख, बारीक, पांढराशुभ्र... दिवसाढवळ्या एक तारा. लुकलुकत नव्हता, तसाच रोखून उभा. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि तो गेला. मागे आलो तर परत दिसला. डावीकडे सरकलो, नाही. उजवीकडे सरकलो, नाही. पुन्हा मधे आलो, आहे!

इथे माझ्यातला तलाठी जागा झाला. मी चार गोटे वेचून आणले आणि जिथे जिथे उजेड दिसायचा थांबत होता तिथे एकेक ठेवला. आत उरली ती जेमतेम एक घोंगडी मावेल एवढी जागा. तिच्यात उभं राहिलं की उजेड, बाहेर पाय ठेवला की कोरा डोंगर. मी हे दहा-बारा वेळा करून पाहिलं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं तलाठ्याच्या अंगात आलंय.

नानांना हाक मारली. ते येऊन माझ्या शेजारी, दोन हातांवर उभे राहिले. डोळ्यांवर तळवा धरून बघितलं आणि म्हणाले, “माले ते काहीच दिसत नई.” मी त्यांच्या दंडाला धरून त्यांना गोट्यांच्या आत ओढलं. त्यांचं तोंड भाकरी चावायचं थांबलं. मग त्यांनी हळूच पायातल्या वहाणा काढून बाहेर सारल्या.

“आरसावाला शे,” ते म्हणाले.

मला एकच सुचलं, कुदळ उचलली आणि त्या चार गोट्यांच्या मधे घातली. तिसऱ्या-चौथ्या घावाला टण्ण झालं. हाताने माती उपसली. वीतभर खाली काळा खडक लागला, आणि त्यावर पखालीतलं ओंजळभर पाणी ओतून बोटाने चोळल्यावर खूण वर आली – एक वर्तुळ आणि बरोबर मधे एक टिंब. जणू काल खोदल्यासारखं स्वच्छ. मी गुडघ्यांवर बसून रडलो. लाज वाटत नाही सांगायला. नोकरी वाचली म्हणून रडलो, दमलो होतो म्हणून रडलो, आणि खिशात ती गडद केलेली फुली होती म्हणूनही रडलो.

डोळे पुसून वर बघितलं तर उजेड तसाच होता. रोखलेला. वाट बघणारा म्हणणार होतो, पण ते माझं आत्ताचं शहाणपण आहे... तेव्हा मला एवढंच वाटलं की तो आमच्याकडेच लागलेला आहे. नाना म्हणाले, “जवाब देना पडी, आप्पा. तठून उजेड उना आनि आठून जवाब गया नई, ते तो उठाव नई.”

त्यांनी खांद्यावरचा पट्टा उतरवला, पितळी बिल्ला धोतराच्या सोग्याने पुसला आणि खुणेवर उभं राहून तो उन्हात धरला. हाताने झाकला, उघडला. झाकला, उघडला. दोनदा. ते काम त्यांना ठाऊक होतं.

समोरचा उजेड मिटला. उघडला. मिटला. उघडला. दोनदाच. आणि मग विझला. मी गोट्यांच्या आत, बाहेर, सगळीकडे उभं राहून पाहिलं, पण हत्तीपाठ नुसती उन्हात पडलेली होती. नाना पट्टा पुन्हा खांद्यावर चढवत म्हणाले, “आते तेले सुट्टी भेटनी.”

उतरताना त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे वडील तरुणपणी सर्व्हेवाल्यांकडे पाणी वाहायला होते. दुर्बिणीला लांबचा माथा नीट दिसावा म्हणून त्या माथ्यावर एक माणूस आरसा घेऊन बसायचा आणि सूर्याची तिरीप इकडे टाकायचा. त्याला सक्त हुकूम असायचा – समोरून दोनदा जवाब आल्याशिवाय आरसा हलवायचा नाही, खाली उतरायचं नाही. एका उन्हाळ्यात बावट्यावरच्या तळावर पटकी आली. दोघंतिघं दगावले आणि बाकीचे घाईघाईने बैलगाड्यांत घालून धुळ्याला हलवले गेले. त्या गडबडीत हत्तीपाठीला जवाब द्यायचा राहून गेला. तो द्यायला नानांच्या वडिलांना सांगितलं होतं, आणि तेच घाबरून आधी पळाले. बऱ्याच दिवसांनी कोणाला तरी आठवलं. माणसं वर गेली तेव्हा आरसा तिवईवर नीट लावलेला होता, मडकं कोरडं पडलेलं होतं, आणि माणूस नव्हता. तो पुढेही कधी कोणाला सापडला नाही. परमुलखातला होता, त्याचं नावही गावात कोणाला माहीत नव्हतं. वडिलांनी मरेपर्यंत दर आखाजीला त्याच्यासाठी एक घागर भरली आणि त्यांच्यानंतर नानांनी. ती उंबऱ्याबाहेरची, बिगर नावाची.

आदल्या वर्षी केलेली चेष्टा मला फार लागली.

दोन दिवसांनी मामलेदारांसमोर उभा राहिलो. वर्तुळ आणि टिंबाचं चित्र ठेवलं आणि त्याच्या शेजारी ती फुलीही ठेवली. आधीचे तिन्ही दाखले न बघता दिले होते हेही सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की बाण म्हणालात तेव्हाच कळलं होतं, मला फक्त बघायचं होतं तुम्ही परत येऊन काय म्हणता. चित्रावर त्यांनी ‘पाहिले’ असा शेरा मारला, फुली फाडून टाकली आणि माझा कायम होण्याचा कागद पुढे ओढून त्यावर सही केली. छातीवरून धोंडा उतरणं म्हणजे काय ते मला त्या टेबलासमोर कळलं.

मग धीर करून मी उजेडाचं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले की या वर्षी आपल्या जिल्ह्यात सर्व्हेची एकही तुकडी नाही, हे त्यांना खात्रीने माहीत आहे. आणि समजा कोणी आरसा धरलाच असता, तरी पाच-सहा कोसांवर येईपर्यंत ती तिरीप पसरून दोन शेतं झाकेल एवढी रुंद होते. पाऊलभर सरकल्यावर ती नाहीशी व्हायलाच नको. “तुम्ही सांगता तसा उजेड कोणत्याही आरशाचा नसतो,” एवढं बोलून ते दुसऱ्या फायलीकडे वळले.

हे ऐकून माझं समाधान झालं नाही. पुढच्या आठवड्यात मी हत्तीपाठीवर गेलो. तिथली रास शाबूत होती, कमरेइतकी उंच. तिच्या फटींतून जुनं कुसळी गवत वर आलेलं, दगडांवर शेवाळ वाळून पापुद्रे धरलेले, एकही दगड हललेला नाही. ती रास उतरवल्याशिवाय त्या खुणेवर कोणाला बसता आलं नसतं. काच नाही, पत्रा नाही, पायवाटसुद्धा नाही. पायथ्याच्या वस्तीवर विचारलं, होळीनंतर वर कोणी गेलेलं नव्हतं. जे म्हणतील उन्हात चकाकणारा एखादा पत्रा असेल, त्यांना माझा एकच प्रश्न आहे – पत्रा दोनदा जवाब देतो का? तहानेने भोवळ आली असेल म्हणाल, तर मला आणि नानांना एकाच जागी, एकाच वेळी, एकसारखी भोवळ आली असं लिहून द्या. आणि जागा तरी नेमकी तीच कशी? पाच खड्डे मी माझ्या अकलेने खणले होते आणि ते पाचही चुकले होते.

त्या वर्षी आखाजीला मी पुन्हा नानांकडे जेवायला होतो. उंबऱ्यात पाऊल ठेवण्याआधी मी खाली बघितलं. जागा सारवलेली होती, रांगोळीही होती, पण घागर नव्हती. आत भिंतीपाशी चारच. मी विचारलं, नाना, पाचवी?

नाना पानावर पाणी फिरवत होते. “तेले कसाले? आते तो तेना घर पानी पी ऱ्हायना व्हई.”

मग आम्ही जेवलो. खूप जेवलो. पंधरा दिवसांनी माझं लग्न झालं आणि पुढे जिथे जिथे बदली झाली तिथले असे दगड मी स्वतःच्या पायांनी जाऊन बघितले. एकदा यावलकडे तर ताप अंगात असताना सातपुड्यात चढलो आणि घरी येऊन बोलणी खाल्ली. तसा उजेड पुन्हा कधी दिसला नाही, आणि दिसावा असंही मला कधी वाटलं नाही.

हा झाला पंचनामा. निष्कर्षाच्या रकान्यात लिहायला माझ्याकडे अजून काही नाही, इतक्या वर्षांत सुचलंही नाही. भुतांवर माझा विश्वास नाही. पण तीन वर्षं मी न बघता ‘जागेवर आहे’ असं लिहीत होतो, तेव्हा समोरच्या डोंगरावर कोणीतरी खरोखरच जागेवर बसलेलं होतं, असं वाटून कधी कधी रात्री उठून बसतो. आणि मग ती मोकळी, सारवलेली जागा आठवते आणि बरं वाटतं. त्या दिवशी उंबऱ्यात मला जे सुटल्यासारखं वाटलं ते माझ्या नोकरीसाठी नव्हतं, एवढं मी सहीनिशी लिहून देतो. ही सही जागेवर जाऊन केलेली आहे.